शब्दचर्चा: वर्गातला शिक्षक 'तटस्थ' असावा की 'निःपक्षपाती'?

प्रश्न (पलूस)

मी माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. निवडणुकीच्या तोंडावर सूचनावही फिरली, त्यात लिहिलं होतं, 'शिक्षकांनी वर्गात पूर्णपणे तटस्थ राहावे.' मी सही केली, पण शब्द खटकला. तटस्थ, त्रयस्थ, निःपक्षपाती हे सगळे एकाच अर्थाचे आहेत का? आणि लिहिताना 'निःपक्ष' बरोबर की 'निष्पक्ष'?

उत्तर (मिरज)

मॅडम, खटकला ते योग्यच. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की सांगलीत आयर्विन पुलाजवळ गर्दी होते, किती फूट झालं ते बघायला. ती माणसं तटस्थ. जो नावेत बसून लोकांना बाहेर काढतो त्याला आपण तटस्थ म्हणत नाही, पण तो कुणाचं घर आधी, कुणाचं नंतर असा भेद करत नसेल तर तो निःपक्षपाती असतो. जुन्या मराठीत 'तो तटस्थ झाला' म्हणजे थक्क होऊन जागीच थबकला, असाही अर्थ आहे. मुलानं अडचणीचा प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं तसं व्हावं, असं कुणालाच वाटत नसेल.

त्रयस्थ म्हणजे दोघांच्या भांडणाबाहेरचा तिसरा. शिक्षक तर त्याच गावात राहतो, मत देतो. माध्यमिक शिक्षकांना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातही मत असतं. तो त्रयस्थ कसा?

आता पक्षपात. पक्ष म्हणजे पंख, बाजू, पंधरवडा आणि राजकीय पक्षही. पात म्हणजे पडणं. मनाचा एका बाजूला कल असणं वेगळं आणि त्या बाजूला पडणं वेगळं. कल कुणाला नसतो? पात मात्र दिसतो. पेपर तपासताना दिसतो, कुणाला बोलू दिलं आणि कुणाला खाली बसवलं त्यात दिसतो. मनाई करायची ती या पाताला.

लेखनाचं थोडक्यात: संधीनियमानं 'निष्पक्ष' (निष्पाप, निष्फळ यांसारखं), पण मराठीत विसर्गासह 'निःपक्षपाती' रुळलेला आहे. 'निपक्ष' चूक.

उत्तर (कराड)

मिरजकरांच्या म्हणण्याला आमच्या भागातलं उदाहरण जोडतो. १९४३ साली शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या (ब्रिटिशांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारच्या) तुफान सेनेनं, म्हणजे त्याच्या लढाऊ दलानं, ब्रिटिशांची पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. हे वर्गात कोणत्या क्रियापदानं सांगायचं? 'रेल्वे लुटली' असं सगळे सर्रास म्हणतात. पण त्यात स्वतः असलेल्या कुंडलच्या कॅप्टन भाऊंनी, रामचंद्र श्रीपती लाड यांनी, म्हातारपणीही या शब्दाला हरकत घेतली होती. ब्रिटिशांनी लोकांचा पैसा चोरला होता, तो आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं.

आता तटस्थ वाक्य करून बघा: 'रेल्वेतील रक्कम नेण्यात आली.' कुणी नेली, कुणाची होती, का नेली, सगळं गेलं! हे वाक्य कुणालाच दुखावत नाही, पण मुलाला शिकवतही काही नाही. निःपक्षपाती शिक्षक दोन्ही क्रियापदं फळ्यावर लिहील आणि कोणतं कुणाच्या तोंडचं ते सांगेल.

आपल्याकडे यासाठी 'पूर्वपक्ष' हा फार चांगला शब्द आहे. समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं, तेही त्याला पटेल अशा ताकदीनं, आणि मग आपलं. मला तर शिक्षकाचं सगळं काम या एका शब्दात दिसतं. आणि जे करायचं नाही त्याला 'मत लादणं' हाच शब्द. बैलाच्या पाठीवर ओझं लादतात, त्याला विचारून नव्हे.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचे आभार. काल नववीत 'लुटली' आणि 'परत आणला' हे शेजारी शेजारी लिहिलं. दहा मिनिटं वर्ग नुसता गाजत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणता लिहाल?" मी सांगितलं, 'परत आणला'. मग तिलाच उभं केलं आणि म्हटलं, "तू त्या वेळची इंग्रज अधिकारी आहेस असं समज आणि माझं म्हणणं खोडून काढ." तिनं खोडलं, आणि चांगलं खोडलं: "प्रत्येकानं स्वतःच ठरवून पैसा परत आणायचा म्हटलं तर सरकारी तिजोरी राहील का?" तिच्या वहीत मी 'छान' असा शेरा दिला.

सूचनावहीतलं वाक्य बदलून 'शिक्षकांनी वर्गात पक्षपात करू नये' असं करावं, अशी विनंती आज मुख्याध्यापकांना लेखी दिली आहे.