एकांकिका: १८७७ चा सूडाने पेटलेला सामुराई. चिलखत, तलवार आणि इतिहासाबद्दल मदत हवी

पाचपाखाडी:

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या गटाची एकांकिका बसते आहे. पाऊण तास, आठ पात्रं. पहिला प्रयोग ऑगस्टमध्ये गडकरीला, नंतर वाशीला भावे नाट्यगृहात.

नायक जपानी सामुराई. १८६८ मध्ये तो सम्राटाच्या बाजूने शोगुनशाहीविरुद्ध (लष्करी सरदाराच्या राजवटीविरुद्ध) लढतो, सागारा सोझोच्या सेकिहोताई तुकडीतून. ज्या सरकारसाठी लढले तेच सरकार सागाराला तोतया ठरवून ठार करतं. नायक वाचतो आणि १८७७ मध्ये सूड घ्यायला साईगो ताकामोरीच्या बंडात सामील होतो. शेवटी शिरोयामाच्या टेकडीवर मरतो. मरण्याआधी त्याच्या तोंडी "आमचा तनखा काढून घेतलात, कमरेची तलवार काढून घेतलीत" असं मोठं स्वगत आहे.

नायकाला आणि चौघांना फोमचं पूर्ण चिलखत करायचं आहे. कोणता फोम, किती जाड, काय चिकटवायचं? तलवार लाकडी की धातूची? कपाळापासून टाळूपर्यंत भादरलेलं डोकं आणि शेंडी दाखवायला टकलाची टोपी टिकेल का? आणि गोष्ट इतिहासाला धरून आहे ना, तेही सांगा. तालमीला सहा आठवडे हातात आहेत.

बखरवाचक:

आधी गोष्टीचं बोलू, कारण चिलखताचा प्रश्न तिथेच सुटतो.

सागारा सोझो (जन्म १८३९, खरं नाव कोजिमा शिरो) हा पैसेवाल्या घरातला. १८६७ च्या अखेरीस एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, मिता भागातल्या सात्सुमा संस्थानच्या (साईगोच्या संस्थानच्या) वाड्यात त्याने रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई, गोळा केले. शहरात लूटमार आणि जाळपोळ करून शोगुनच्या माणसांना डिवचायचं, हे काम. डाव लागू पडला. १९ जानेवारी १८६८ ला शोगुनच्या बाजूने तो वाडाच जाळला आणि २७ जानेवारीला सम्राट आणि शोगुन यांच्या बाजूंमधली तोबा-फुशिमीची लढाई सुरू झाली.

त्यानंतर सेकिहोताई उभी राहिली. नावाचा अर्थ साधारण 'निर्मळ मनाने देशाचं ऋण फेडणारी तुकडी'. सागाराची टोळी नाकासेंदो रस्त्याने मुख्य सैन्याच्या पुढे गावोगाव सांगत निघाली की नवं सरकार सारा निम्मा करणार. ही घोषणा त्याच्या मनची नव्हती, तिला सरकारची मंजुरी होती. पण तिजोरी रिकामी, लढाई व्यापाऱ्यांच्या पैशावर चाललेली. निम्मा सारा झेपणार नव्हता, म्हणून आदेश गुपचूप मागे घेतला गेला. गावांना त्याचा पत्ताच नाही. मग ज्याने वचन दिलं तोच खोटा ठरवणं सोयीचं पडलं. 'हे तोतया सरकारी सैन्य आहे' असं जाहीर झालं आणि २६ मार्च १८६८ ला शिमोसुवा इथे सागाराचा साथीदारांसह शिरच्छेद झाला. नाव साफ झालं ते १९२८ मध्ये, साठ वर्षांनी.

आता तुमच्या संहितेतली खरी अडचण. १८६७ ला सागाराला एदोत ते काम कोणी दिलं? साईगो ताकामोरीने. म्हणजे तुमचा नायक १८७७ ला साईगोच्या झेंड्याखाली जातो, तेव्हा ज्याच्याशी हिशोब चुकता करायचा त्याच्याच पदरी चाकरीला राहतो. हे अजाणतेपणी राहिलं तर पहिला जाणकार प्रेक्षक नाटकातून उठेल. जाणून घेतलंत तर तुमच्या हाती असं नाटक लागेल की शिरोयामाची गरजच उरणार नाही. आज रात्री आपण ज्याच्यासाठी मरायला बसलोय, त्यानेच आपल्या सेनापतीला त्या वाटेला लावलं होतं, हे नायकाला कळतं तो क्षण लिहा.

दुसरं, ते स्वगत. ते या माणसाचं नाही. सेकिहोताईत रोनिन, गावपाटलांची पोरं, देशी विद्या शिकणारे विद्यार्थी असे लोक होते. पिढीजात तनखा त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हताच. मार्च १८७६ ची तलवारबंदी आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तनख्याऐवजी हातात पडलेले रोखे, हे दुःख सात्सुमाच्या सामुराईंचं. ते दुसऱ्या पात्राला द्या. तुमच्या नायकाचं दुःख एका कागदाचं आहे, निम्म्या साऱ्याच्या. त्याने तो गावात वाचून दाखवला, लोकांनी विश्वास ठेवला. सूड त्याला त्या खोट्या पडलेल्या शब्दाचा घ्यायचा आहे. (तलवारबंदी ही बाळगायला नव्हती, कमरेला लावून हिंडायला होती. सैन्य आणि पोलीस यांना सूट होती.)

आणि चिलखत: १८७७ ला साईगोची माणसं चिलखत घालून लढली नाहीत. बंदुका होत्या, तोफा होत्या, अंगावर गणवेश किंवा साधे कपडे. फेब्रुवारीत सात्सुमातल्या कागोशिमाहून निघाली तेव्हा बर्फ पडत होतं. धनुष्यबाण आणि शिंगवाली शिरस्त्राणं ही पडद्यावरची करामत. बंदुकीला शिवायचंच नाही म्हणून भाले-तलवारी घेऊन उठलेले लोकही होते, पण ते ऑक्टोबर १८७६ चे कुमामोतोचे शिनपुरेन, साधारण दोनशे जण. ते वेगळं बंड.

कापड_आणि_काठी (नेरूळ):

बखरवाचकांचं ऐका, चिलखत काढून टाका. पाच चिलखतांचा फोम, रंग आणि दोऱ्या यांत बजेट संपेल आणि पाऊण तासात नट घामाने निथळेल. पोस्टरपुरतं एक हवंच असेल तर छातीपाठीला १० मिमी ईव्हीए फोम, खांद्याच्या पट्ट्यांना ५ मिमी. रबर अ‍ॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडा. ऑगस्टच्या दमट हवेत ते वाळताना वर पांढुरकी झाक येते. तसं झालं की जोड धरत नाही, दुसऱ्या प्रवेशात पट्टी लोंबायला लागते. पंख्याखाली नाही, एसी लावलेल्या खोलीत चिकटवा. रंगाआधी हीट गनने पृष्ठभाग शेकून घ्या, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो आणि वाकवला की पापुद्रे सुटतात.

तोच पैसा हाकामा (किमोनोवर नेसायचा चुण्यांचा घोळदार पायजमा) आणि किमोनोवर लावा. भिवंडीचं जाडसर कॉटन चांगलं, चकचकीत सॅटीन नको, लाइटखाली लग्नातला बँडवाला दिसतो. ४४ इंच पन्ह्याचं कापड एका हाकामाला साडेतीन ते चार मीटर. पुढे पाच चुण्या, मागे एक. चुण्या घोट्यापर्यंत इस्त्रीने बसवा आणि प्रत्येकीच्या दुमडीवर आतून काठाजवळ एक उभी शिलाई मारा, म्हणजे प्रवासात मोडणार नाहीत. बांधताना आधी पुढचे बंद मागे नेऊन पुढे आणायचे, मग मागची कडक पाटी कमरेवर टेकवून तिचे बंद पुढे. नेसायला धोतरापेक्षा सोपं, पण विंगेत वीस सेकंदांत बदलायचं असेल तर पुढचे बंद खरे ठेवा आणि पाटीला वेल्क्रो लावा.

एक चूक हमखास होते आणि जाणकार माणूस तिथेच हसतो. किमोनोची डावी बाजू उजवीवर यायला हवी, घालणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू वर. उजवी वर फक्त प्रेताला नेसवतात. तालमीत आरशात बघून नेसलं की नट नेमकं उलटं करतात. कॉलरच्या आत डाव्या बाजूला लाल धाग्याचा टाका घाला, नेसताना ती बाजू वर आली पाहिजे. पोस्टरचा फोटोही आडवा उलटा करू नका. किमोनो तर उलटा होतोच, तलवारही उजवीकडे जाते.

तलवार. पातं साधारण ७० सेंमी, मूठ २५, एकूण मीटरभर. बाक जेमतेम दीड सेंमी. आपल्याकडचे सुतार भवानी तलवारीच्या सवयीने जास्त वाकवून देतात, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून द्या. नुसती कमरेला राहणार असेल तर सागवान. भिडणार असेल तर २५ बाय ६ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मीटरभराचं वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. कडा गोल घासा, टोक रुपयाच्या नाण्याएवढं गोल करा. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम आपटलं की खाचा पडतात आणि खाचेचा काठ ब्लेडसारखा कापतो. दर तालमीनंतर पात्यावरून जुन्या बनियनचा तुकडा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कानस मारा. लाकडी पात्याचे कुसळ शोधायलाही हीच युक्ती.

तलवार पट्ट्याला लोंबत नाही, कमरेला गुंडाळलेल्या कापडात, म्हणजे ओबीत, डावीकडे खोचलेली असते, धार वर. हे विसरलात तर उपसण्याची सगळी हालचालच चुकते. आधी डाव्या अंगठ्याने त्सुबा (मूठ आणि पात्यामधली चकती) किंचित पुढे ढकलायची, मग उजवा हात मुठीवर. हे दोन ठोके वेगळे दिसू द्या.

खऱ्या पोलादी तलवारीचा विचारही नको. ठाणे आयुक्तालयात हत्यारं बाळगण्यावर मनाई आदेश वरचेवर लागू असतात. नकली तलवारीसुद्धा कापडात गुंडाळून, बांधून, गटाच्या पत्रासकट टेम्पोतून न्या. लोकलच्या डब्यात उघड्या हातात नकोत.

टकलाची टोपी: पावसाळ्यात कपाळाच्या घामाने अर्ध्या तासात कडा सुटते आणि शेवटच्या प्रवेशात सुरकुती दिसते. रोनिन डोकं न भादरता सगळे केस वाढवून मागे बांधत, तसंच करा. १८६८ साठी क्लिपचं केसांचं जूड, १८७७ साठी नटाचे स्वतःचे आखूड केस. १८७१ पासून केस कापायची मुभा होतीच.

पाचपाखाडी:

चिलखत रद्द. साईगोचा दुवा आम्हाला ठाऊकच नव्हता, संहिता पुन्हा लिहायला घेतली आहे. पण तलवारी राहिल्या नाहीत तर शेवटाला दृश्य काय उरतं? स्वगतही गेलं. नुसता कागद दाखवून पंधराव्या रांगेपर्यंत पोचेल?

विंगेतून:

पोचेल, पण कागद दोन हवेत. पहिला निम्म्या साऱ्याचा, दुसरा काडतुसाचा.

शिरोयामा सोडा. २४ सप्टेंबर १८७७ च्या पहाटे तिथे साईगोकडे चारशेच्या आत-बाहेर माणसं आणि भोवती हजारो सरकारी सैनिक. तिथे फक्त मरण आहे, निर्णय नाही. शेवट ताबारुझाकाला आणा, ४ ते २० मार्च १८७७. कुमामोतोच्या किल्ल्याला साईगोचा वेढा होता आणि तो फोडायला उत्तरेकडून तोफा नेता येतील असा रस्ता ताबारुझाकाच्या चढावरूनच जात होता. दोन्हीकडून इतका मारा झाला की हवेतच एकमेकींवर आदळून जुळलेल्या गोळ्या तिथे सापडल्या. आणि पाऊस.

बंडखोरांकडे बहुतेक तोंडाकडून भरायच्या एनफिल्ड, सरकारकडे मागून भरायच्या स्नायडर. एनफिल्डचं काडतूस कागदाचं. दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. मुरलेल्या हाताला वीस सेकंद. स्नायडर तेवढ्यात तीनदा उडते. कागद भिजला की दारूचा चिखल. ठाण्याच्या प्रेक्षकाला हे काडतूस वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १८५७ च्या धड्यातली, चरबीवरून पेटलेली बंदूक ती हीच, एनफिल्ड.

म्हणून शेवटी वीस सेकंद संवाद नको. नायक काडतूस काढतो, दाताने फाडतो, उपडं करतो, काही पडत नाही. पुन्हा दुसरं. तिसऱ्या वेळी हाताला लागतो तो छातीशी जपलेला साऱ्याचा कागद, तोही भिजलेला. तालमीत घड्याळ लावून वीस सेकंद मोजा. नट घाबरून आठ सेकंदांत उरकतात आणि मग काय झालं ते कोणालाच कळत नाही.

बखरवाचकांशी एका बाबतीत सहमत नाही. सूड फक्त सागाराच्या माणसालाच शोभतो असं नाही, समोरच्या बाजूलाही एक सूड आहे आणि तो तुमच्या नाटकात यायला हवा. आईझू संस्थानचा मात्सुदाइरा कातामोरी १८६२ पासून क्योतोत सम्राटाचा रखवालदार. सम्राट कोमेईने त्याच्या निष्ठेची लेखी पावती दिलेली. कोमेई १८६७ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी आईझू 'राजद्रोही' ठरलं. सम्राटाच्या बाजूच्या सात्सुमा आणि चोशू संस्थानांनी नोव्हेंबर १८६८ ला त्यांचा किल्ला घेतला, मग पुष्कळ कुटुंबं उत्तर टोकाच्या उजाड तोनामीला पाठवली. १८७७ ला ताबारुझाकावर सरकारने पोलिसांतून तलवारवाल्यांची बात्तोताई तुकडी काढली, त्यात जुने आईझूवाले होते. 'बोशिनचा सूड' (बोशिन म्हणजे १८६८ ला सुरू झालेलं तेच यादवी युद्ध) असं ओरडत तुटून पडलेल्या एकाची बातमी तेव्हा वार्ताहर असलेल्या इनुकाई त्सुयोशीने दिली. हाच इनुकाई पुढे पंतप्रधान झाला.

काडतूस भिजलेल्या नायकासमोर हा पोलीस उभा करा. दोघांनाही देशाने फसवलंय, दोघांच्याही हातात शेवटी तलवारच. मारामारी हवी होती ना, ही घ्या. तीन वार पुरे. तोंडावर, मानेवर वार नको. अंगापासून पात्याचं टोक हातभर दूर राहील अशा रेषेत वार, आणि आधी नजर, मग वार. ओल्या रंगमंचाचा आभास हवा म्हणून खरं पाणी शिंपडू नका, तलवार हातात घेऊन घसरणं महागात पडतं. प्रकाश आणि आवाज पुरतो.

कापड_आणि_काठी (नेरूळ):

काडतुसाचं सांगते. पातळ हातकागद, अंगठ्याएवढी जाड पेन्सिल घेऊन त्यावर गुंडाळा, खाली दोऱ्याने बांधा, वर पिळा. दात लागणार, म्हणून डिंक किंवा फेविकॉल नको, कणकेची खळ लावा. दारू म्हणून काळे तीळ भाजून भरड कुटा. रांगोळी किंवा कोळशाची पूड नको, फाडताना नाकात जाते आणि पुढचं वाक्य खोकल्यात जातं. भिजलेल्या काडतुसात त्याच भरडीत दोन थेंब पाणी, पण प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी. लवकर घातलं तर तिळाचं तेल सुटून कागद पारदर्शक दिसतो. एका प्रयोगाला सहा करा. तीन लागतील, दोन नट घाबरून पाडेल, एक प्रॉम्प्टरच्या खिशात.

साऱ्याचा कागद वेगळा दिसायला हवा. आडवा लांब, वीतभर उंच, पंख्यासारखा दुमडलेला, उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे. कॉलरमाइक लावणार असाल तर तो छातीच्या दुसऱ्या बाजूला, कागद खुळखुळला की स्पीकरमधून पाऊस नाही, वेफर्सची पिशवी ऐकू येते.

पाचपाखाडी:

चालेल. शिरोयामा कापला, पोलिसाचं पात्र घातलं. आठाचे आठच राहतात, कारण चिलखतवाले चौघे आता दोन्ही बाजूंचे शिपाई. एकच शंका: पोलिसाचा गणवेश गडद निळा की काळा? शिंप्याकडे गुरुवारी जायचं आहे.

कापड_आणि_काठी (नेरूळ):

गडद निळा घ्या. पिवळ्या लाइटखाली तो काळाच दिसतो आणि निळ्या लाइटखाली नायकाच्या कपड्यांपासून वेगळा उठतो. शिंप्याकडे जाताना कापडाचा तुकडा आधी मोबाइलच्या टॉर्चवर पिवळा जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) धरून बघा.