पोकरमध्ये हरल्यावर डोकं सटकतं, टेबलवरून उठताच येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकतो. मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो, आयटीत, वय ३६, घरी बायको आणि पाच वर्षांची लेक. दीडेक वर्ष झालं ऑनलाइन पोकर खेळतोय, टेक्सस होल्डेम, सहा जणांची कॅश टेबलं, ब्लाइंड्स (पत्ते बघायच्या आधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम) १० सेंट-२५ सेंट म्हणजे बाय-इन (टेबलवर घेऊन बसायचे पैसे) २५ डॉलर. इकडे हे कायदेशीर आहे, साइट लायसन्सवाली आहे, त्यामुळे प्लीज पहिल्याच प्रतिसादात "जुगार वाईट" नको, ते आईने फोनवर सांगून झालंय (तिला वाटतं मी रमी खेळतो, मीही तसंच वाटू दिलंय).

प्रॉब्लेम रागाचा आहे. एरवी मी चिडका माणूस नाही हो, ऑफिसात तर मला थंड डोक्याचा म्हणतात. पण सव्वादोन महिन्यांत पावणेआठशे डॉलर गेलेत आणि आता एखादा मोठा पॉट (मध्ये जमलेले पैसे) गेला की तळपायाची आग मस्तकात जाते. आणि गंमत म्हणजे मी चुकीचं खेळून हरलो तर एवढं काही वाटत नाही, बरोबर खेळून हरलो की सटकते.

परवाचंच सांगतो. माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, फ्लॉपच्या (टेबलवर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या) आधीच सगळे पैसे मध्ये. मी ८२ टक्के पुढे. फ्लॉप नऊ-चौका-दुर्री, टर्नला म्हणजे चौथ्या पानाला सत्ती, आता पत्त्यात त्याला वाचवणारे दोनच राजे उरले होते, ४४ पानांतले दोन, साडेचार टक्के. रिव्हरला म्हणजे शेवटच्या पानाला राजा. त्यावर तो समोरचा हसरा इमोजी टाकतो. मी माउस उचलून रेडिएटरवर मारला. रात्रीचे पावणेएक, बायको उठून बाहेर आली, मी म्हटलं हातातून पडला. सकाळी लेक सोफ्याखालून माउसचं छोटं रबरी चाक घेऊन आली आणि विचारते, बाबा हे कुठल्या गाडीचं? तेव्हापासून खरं तर झोप नीट नाही.

गणित मला कळतं. एक्के विरुद्ध राजे म्हणजे पाचसहा वेळांत एकदा मी हरणारच आहे, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण ते कळून हात थांबत नाही. दहा आकडे मोजून झाले, मॉनिटरला चिठ्ठी लावून झाली, दोन बाय-इन गेले की उठायचं असा नियम केला, तो मीच मोडतो, कारण त्या क्षणी असं वाटतं की आत्ता उठलो तर हा पॉट कायमचा त्याचा होईल.

आमच्या गावी गणपतीत जागरणाला तीन पत्ती चालायची, आमचे एक काका सलग तीन डाव गेले की न बोलता उठून ओसरीवर जायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि थेट झोपायला. आम्ही पोरं हसायचो, काका घाबरले म्हणून. आता कळतंय त्या माणसाला काय जमत होतं ते.

तर प्रश्न एवढाच, त्या दोन मिनिटांत टेबलवरून उठायचं कसं? कुणाला जमलंय का?

प्रतिसाद

भावा, याला टिल्ट म्हणतात, सगळ्यांना होतो. आधी आकडे सांगतो म्हणजे जरा हलकं वाटेल. तुझा खरा विनरेट (सरासरी कमाई) शंभर हँडला म्हणजे डावांना ३ बिग ब्लाइंड (तुझ्या टेबलला २५ सेंटचा एक) धरू, तुझ्या लेव्हलला चांगला आहे हा. म्हणजे १० हजार हँड्समध्ये सरासरी ३ बाय-इन पुढे. पण सहा जणांच्या टेबलला तेवढ्या हँड्समध्ये साडेनऊ बाय-इन इकडेतिकडे सहज होतं. म्हणजे नीट खेळूनही सहातून एकदा तू सहा किंवा त्याहून जास्त बाय-इन मागे असणार. डाऊनस्विंग आहे, म्हणजे नशिबाचा उतरता काळ, जाईल. एका वेळी चार टेबलं लावत असशील तर दोनच लाव आणि स्टॉप-लॉस (एवढे गेले की उठायचं) ठेव.

प्रतिसाद

वरच्यांचं गणित बरोबर आहे पण पावणेआठशे म्हणजे २५ च्या टेबलला ३१ बाय-इन होतात, ते एकट्या व्हेरियन्सचं (नशिबाच्या चढउताराचं) काम वाटत नाही. धागाकर्ते, रागावू नका, ट्रॅकर (हँड्सची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ब्लाइंड्सप्रमाणे वेगवेगळा हिशोब काढून इथे टाका. आणि स्टॉप-लॉसचं म्हणाल तर तो लावणारा आणि मोडणारा एकच माणूस आहे, त्याचा काय उपयोग.

प्रतिसाद

मी पुण्यात. इथे ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचे पोकर अॅप बंद झाले तेव्हा मला वाटलं सुटलो. आठ दिवसांत तीन मिनिटांच्या ऑनलाइन बुद्धिबळावर गेलो, पैसे शून्य, आणि एका घोड्यापायी उशीला बुक्क्या मारत होतो रात्री दीडला. रेटिंग शंभरने घसरलं की अजून एक, अजून एक. तेव्हा ट्यूब पेटली की पोकर गेलं तरी रात्रीचं ते "अजून एक" माझ्याकडेच राहिलंय. शेवटी १४४१६ ला फोन केला, सरकारची टेलिमानस लाइन आहे, मराठीत बोलतात. वेडेपणा वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

धागाकर्ता

हिशोब काढला. काढायला दोन दिवस लागले, कारण फाइल उघडायचीच इच्छा होईना.

२५ च्या टेबलला १४ हजार हँड्स, सात बाय-इन मागे, १७५ डॉलर. ब्लाइंड्स ५० सेंट-१ डॉलरच्या टेबलला, जिथे बाय-इनच १०० चा असतो, ९०० हँड्स, ६०० डॉलर मागे. हे ९०० हँड्स तीन रात्रींचे आहेत. तिन्ही वेळा काय झालं तेही बघितलं, २५ ला मोठा पॉट गेला आणि दहा मिनिटांच्या आत मी वरच्या टेबलला बसलेलो. म्हणजे ज्याला मी दोन महिने डाऊनस्विंग डाऊनस्विंग करत होतो तो सगळा मिळून १७५ चा होता. बाकीचे मी स्वतः नेऊन दिले. त्या ९०० मधले काही हँड्स बघताना लाजच वाटली, पंजा-सत्ती घेऊन रेझवर रेझ काय, कोण खेळतं असं.

प्रतिसाद

आता कळलं ना. उठायचं कसं हे त्या दोन मिनिटांत नाही ठरत, दुपारी शुद्धीवर असताना ठरवायचं. साइटवर डिपॉझिट लिमिट (खात्यात पैसे भरायची मर्यादा) असतं, कमी केलं तर लगेच लागू होतं, वाढवायला तिकडे निदान २४ तास थांबवतात. राग काही २४ तास टिकत नाही. खात्यातले जास्तीचे पैसे आजच काढून घ्या.

प्रतिसाद

मी लेस्टरला असतो, माझं मत जरा कडक आहे. लपवाछपवी सुरू झालीये (माउस हातातून पडला, आईला रमी), माउस फुटलाय, हरलेले परत आणायला चौपट टेबलवर बसताय. याला मी नुसता टिल्ट म्हणणार नाही. गॅमस्टॉपला नाव टाका. फुकट आहे, ब्रिटनमधल्या लायसन्सवाल्या सगळ्या जुगाराच्या ऑनलाइन साइट तुमच्यासाठी एका फटक्यात बंद होतात, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, आणि मुदत संपायच्या आत तुम्ही कितीही हातापाया पडलात तरी काढत नाहीत. त्यातच खरा फायदा आहे. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनही फुकट आहे, रात्रीही उचलतात. मी केला होता, म्हणून सांगतोय.

धागाकर्ता

लेस्टरवाले, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा तुमचाच राग आला, खोटं कशाला बोलू. दीड वर्ष अभ्यास केलाय, कुठले पत्ते कधी खेळायचे त्या रेंज पाठ केल्यात, सॉल्व्हर (योग्य चाल काढून देणारं सॉफ्टवेअर) घेऊन बसलोय, ते सगळं सोडून सहा महिने? मग लक्षात आलं की उत्तर टाइप करताना मी एका बाजूला टेबल उघडून ठेवलं होतं.

काल रात्री बायकोला आकडा सांगितला. लिमिटवगैरे सगळं समजावत होतो, तिने ऐकून घेतलं, फक्त एवढं विचारलं, "आणि माउसचे किती?" वीस पाउंड म्हटलं. मग बराच वेळ दोघं गप्प. नंतर म्हणाली मी शेजारी बसते, भर तो फॉर्म. सहा महिन्यांचा भरलाय. पुढचं सहा महिन्यांनी बघू, आत्ताच कायमचं सोडलं असं म्हणणार नाही, कारण मला अजून तो गेम आवडतो.

आता नवीनच अडचण झालीये. लेक साडेआठला झोपते, बायको पुस्तक घेऊन दहाला आडवी, आणि मी दहा ते बारा नुसता घरभर फिरतोय, काल तर मसाल्याच्या डब्या पुसून लावल्या. मंडळी, या दोन तासांचं तुम्ही लोक काय करता?