शब्दचर्चा: निलगिरी वानर ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’ की ‘दुर्मिळ’?

डिचोलीहून प्रश्न:
नमस्कार मंडळी. वन्यजीव सप्ताहासाठी शाळेत पश्चिम घाटातल्या प्राण्यांचे फलक लावायचे आहेत. माझ्या वाट्याला निलगिरी वानर आलं आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत त्याचा दर्जा ‘व्हल्नरेबल’. मराठीत शोधलं तर कुठे ‘असुरक्षित’, कुठे ‘संवेदनशील’, आणि वर्तमानपत्रांत सरसकट ‘दुर्मिळ’. कोणता शब्द घ्यावा? आणि अशा वानरांना इंग्रजीत ‘लीफ मंकी’ म्हणतात, त्याला ‘पानखाऊ माकड’ चालेल का?

फोंड्याहून:
बाई, ‘दुर्मिळ’ आधी खोडा. दुर्मिळ म्हणजे क्वचित मिळणारं किंवा दिसणारं. लाल यादी मोजते ती प्राणी नामशेष होण्याची शक्यता. केरळातल्या पेरियारच्या किंवा सायलेंट व्हॅलीच्या जंगलात जाऊन आलेल्यांना विचारा, हे वानर तिथे दिसतं, त्याहून जास्त ऐकू येतं. तरीही ते धोक्यात आहे, कारण त्याचा मुलूखच तेवढा: कर्नाटकातल्या कोडगूपासून खाली केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलैपर्यंतचे डोंगर. त्यातही जंगलाचे तुकडे झालेले, मधे चहा-कॉफीचे मळे.

‘संवेदनशील’सुद्धा नको. मुलांना वाटेल वानराला चटकन रडू येतं.

साखळीहून:
एवढा काथ्याकूट कशाला? ‘संकटग्रस्त’ लिहून मोकळे व्हा. सगळ्यांना कळतं.

फोंड्याहून:
कळतं, पण नेमकं काय कळतं? लाल यादीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड, क्रिटिकली एन्डेंजर्ड. तिन्ही मिळून जो गट होतो त्याला इंग्रजीत वेगळाच शब्द आहे, ‘थ्रेटन्ड’. मराठीत आपण गटालाही ‘संकटग्रस्त’ म्हणतो आणि मधल्या पायरीलाही. आसाम-भूतान सीमेवरचं सोनेरी वानर मधल्या पायरीवर आहे, निलगिरी वानर तिच्या खालच्या. दोन्ही फलकांवर ‘संकटग्रस्त’ लिहिलंत तर फरक पुसला जातो.

आणि हा फरक हवेतला नाही. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्यात, संख्या निदान ३० टक्के घटली तर पहिली पायरी, ५० टक्क्यांना दुसरी, ८० टक्क्यांना तिसरी. हा एक निकष झाला. मुलूख किती उरला, प्रजननक्षम प्राणी किती उरले, यांचेही आकडे ठरलेले आहेत.
माझं मत: गटाला ‘धोक्यातले’, आणि पायऱ्यांना चढत्या क्रमाने ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’, ‘अतिसंकटग्रस्त’.

वाळपईहून:
असुरक्षित कोण ते आमच्या केळीच्या बागेत येऊन बघा म्हणावं! 😀

मडगावहून:
‘असुरक्षित’ला माझी थोडी हरकत आहे. वाचणाऱ्याला वाटतं की या प्राण्याला कायद्याचं संरक्षणच नाही. प्रत्यक्षात निलगिरी वानर १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. पूर्वी त्याची शिकार मांसासाठी, कातड्यासाठी आणि ‘करिंकुरंगु रसायनम्’ नावाच्या औषधासाठी भरपूर व्हायची. (करिंकुरंगु म्हणजे मलयाळममध्ये काळं माकड. शक्तिवर्धक म्हणून खपायचं ते.) आधी शिकारीने पोखरलं, मग जंगल तुटलं.

तेव्हा फलकावर लाल यादीतला दर्जा आणि कायद्यातली अनुसूची या दोन वेगळ्या ओळी करा. पहिली जागतिक संघटनेची, तिला कायद्याची ताकद नाही. दुसरी भारत सरकारची. बातम्यांत या दोन्हींची सर्रास खिचडी होते.

जाता जाता: लाल यादीतल्या ‘लीस्ट कन्सर्न’ या दर्जाचं ‘किमान चिंताजनक’ असं भाषांतर मी छापील पाहिलं आहे. ज्याची काळजी नको त्यालाच ‘चिंताजनक’! ‘तूर्त धोका नाही’ म्हणायला काय हरकत आहे?

काणकोणहून:
माकड की वानर, हेही ठरवा ना. आमच्या बाजूला काळ्या तोंडाचं ते माकड आणि तांबड्या तोंडाची ती खेती. घाटावरची मराठी काळतोंड्याला वानर म्हणते आणि तांबड्याला माकड. फलकावर ‘पानखाऊ माकड’ लिहिलंत तर आमची मुलं बरोबर समजतील, पुण्याचे पाहुणे चुकतील.

ओळखायची खूण मात्र सगळीकडे तीच. खेती गालांच्या पिशव्यांत खाणं कोंबून पळते, वानराला त्या पिशव्याच नसतात. त्याची सोय पोटात: कप्प्यांचं जठर, त्यात जिवाणू पाला आंबवतात. म्हणून जून पानंही त्याला पचतात. आपल्या खोतीगावच्या रानातलं काळ्या पायांचं वानर याच कुळातलं. पण निलगिरी वानर गोव्यात नाही, हे फलकावर लिहाच. नाहीतर मुलं दूधसागरला जाऊन शोधतील.

साखळीहून:
‘पानखाऊ’ म्हटलं की मला चुना-कात आठवतो. ‘पर्णाहारी’ शुद्ध आहे, पण पाचवीच्या मुलाला जड. ‘पाला खाणारं वानर’ लिहा. पाला हा शब्द गुरं-शेळ्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी असतो.

डिचोलीहून:
सर्वांचे आभार. ‘पाला’ पक्का. मजकूर असा केला आहे:
‘निलगिरी वानर. पाला खाणारं वानर. अंग काळं, डोकं पिंगट सोनेरी. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या कोडगूच्या डोंगरांत सापडतं, गोव्यात नाही. लाल यादीत दर्जा: असुरक्षित (धोक्याच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली). कायद्याने संरक्षण: अनुसूची १.’

फोंड्याहून:
छान झालं. फक्त ‘सापडतं’च्या जागी ‘आढळतं’ करा, आणि तीन पायऱ्यांची नावं खाली बारीक अक्षरांत द्या.

मडगावहून:
‘असुरक्षित’वर माझी हरकत कायम, पण कंसामुळे निभावेल.