वर्गातला जगाचा नकाशा: मर्केटर ठेवायचा की उतरवायचा?

खानापूरकर
शाळेच्या भिंतीवर जगाचा मर्केटर नकाशा, म्हणजे ध्रुवांकडचा मुलूख फुगवून दाखवणारा तो नेहमीचा चौकोनी नकाशा, असेल तर तो उतरवावा, या मतावर मी ठाम आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीनं दिसतं. खरं तर आफ्रिकेत 14 ग्रीनलंड मावतील. भारत 32.87 लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड 21.66 लाख, तरी भिंतीवर भारतच चिमुकला. पाचवीच्या पोराच्या नजरेत बसलेला आकार पुढं आकडे पाठ करून निघत नाही.

निपाणीचे गुरुजी
उतरवून लावणार काय? 1569 साली मर्केटरनं हा नकाशा दर्यावर्दींसाठी काढला. रेखावृत्तं समांतर ठेवली की पूर्व-पश्चिम ताण येतो. तेवढाच ताण त्यानं उत्तर-दक्षिणही दिला, म्हणून कोन बिघडत नाहीत आणि होकायंत्राची एकच दिशा धरून गेलेली वाट सरळ रेघ येते. दुसरा आहे पीटर्सचा नकाशा. त्यात क्षेत्रफळ बरोबर, पण आपल्या बेळगावच्या 16 अक्षांशावर चौरस रान रुंदीच्या 1.85 पट उंच होतं. हे पोरांना दाखवायचं?

खानापूरकर
पीटर्स कोण मागतंय? 2018 सालचा ‘इक्वल अर्थ’ लावा की. क्षेत्रफळ अचूक, आकारही ओळखू येतात. सरळ रेघेचं म्हणाल, तर भिंतीवर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी धरा, रेघ सौदी, अल्जेरियावरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणा, तो नॉर्वे-आइसलँडकडं पार 65 अंशांपर्यंत चढतो. जवळची वाट तीच.

शहापूरचा सर्व्हेयर
गुरुजींच्या बाजूनं सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नव्या 1:50,000 टोपोशीट, म्हणजे छोट्या भागाचे तपशीलवार नकाशे, मर्केटरच्याच आडव्या रूपावर असतात. त्यात जगाचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाचा नकाशा वेगळा काढतात. बेळगाव 74.5 रेखांशावर, आपल्या पट्ट्याचं मधलं रेखावृत्त 75. नकाशावरच्या आणि जमिनीवरच्या अंतरात फरक किलोमीटरला जेमतेम 40 सेंटिमीटर. दोष आहे तो अख्खं जग एका कागदावर ताणण्याचा.

नकाशा असू द्या, पोरांना चूक मोजू द्या. ट्रेसिंग पेपरवर ग्रीनलंड गिरवा, खाली आलेख कागद घाला, 5-5 अंशांचे पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यातले चौकोन मोजून मधल्या अक्षांशाच्या फुगवट्यानं भागा: 62.5 ला 4.7, 67.5 ला 6.8, 72.5 ला 11, 77.5 ला 21, 82.5 ला 59. फुगवटा काढायला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनचा वर्ग करून त्यानं 1 ला भागायचं. मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज करा. भारताचंही असंच करून दोन्ही बेरजा ताडा, तिथं 22.5 ला फुगवटा जेमतेम 1.17. पट्टे 10 अंशांचे घेतले की उत्तर चुकतं, कारण वर फुगवटा फार झपाट्यानं वाढतो.

खानापूरकर
कोसाइन दहावीला, सर. पाचवीला गोलच बरा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे 425 किलोमीटर. बटर पेपरवर भारत गिरवा, कापा, ग्रीनलंडवर ठेवा. देशाएवढा तुकडा नीट बसतो. आफ्रिका घ्याल तर कागदाला चुण्या पडतात. मर्केटर दहावीच्या वर्गात न्या, पाचवीच्या भिंतीवर नको.