मदत हवी आहे: टीडीए ७२९४ आयसी पुन्हा पुन्हा उडतोय, तोही हळू आवाजात

मंडळी, नमस्कार. टीडीए ७२९४ या ऑडिओ पॉवर ॲम्प्लिफायरच्या आयसीवर (चिपवर) एका चॅनेलचा ॲम्प्लिफायर बांधलाय. नवा आयसी लावला की झकास वाजतो आणि मग कधीतरी ध्यानीमनी नसताना जातो. जोरात वाजवताना गेला असता तर समजलो असतो. हा जातो हळू आवाजात, नाहीतर गाणं थांबवून नुसता चालू ठेवला असताना. लक्षण दर वेळी तेच: स्पीकरमध्ये ‘धप्प’, कोन आत खेचलेला आणि पाठोपाठ मायनस बाजूचा फ्यूज उडालेला. काढलेल्या आयसीची १४ नंबरची पिन (आउटपुट) आणि १५ नंबरची (मायनस) मीटरवर थेट शॉर्ट दाखवतात. १३ नंबर, म्हणजे प्लसकडे, शॉर्ट नाही.

बाकी माहिती: ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ब्रिज, दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरड. लोड नसताना ±३५ व्होल्ट. स्पीकर ८ ओहम. हीटसिंक दणदणीत आहे. मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि पेस्ट दोन्ही लावतो, आणि आयसीची पाठ आतून मायनसला जोडलेली असल्यामुळे पाठ व हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी नाही ना, तेही पाहतो. सर्किट डेटाशीटमधलंच. फक्त फीडबॅकला (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणारा रेझिस्टर) २२ किलोओहमऐवजी ६.८ लावलाय (ग्राउंडकडचा ६८० ओहमचाच), कारण प्रीॲम्प (याच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) तगडा आहे, व्हॉल्यूम जरा फिरवला की कान किटायचे. सप्लाय वेगळ्या डब्यात, मध्ये हातभर वायर.

माझा संशय व्होल्टेजवर आहे. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घेऊ का? की आयसीच बदलून दुसरा कुठला बघू?

प्रतिसाद १
डुप्लिकेट माल. खरा आयसी मिळवा, प्रश्न मिटेल.

प्रतिसाद २
डुप्लिकेट असूही शकतो, पण आयसी उडाला की पहिलं उत्तर नेहमी हेच येतं आणि तपास तिथेच थांबतो. बनावट आयसी बहुतेक वेळा पूर्ण व्होल्टेज किंवा पूर्ण लोड आला की दम तोडतो. इथे तर तो निवांत बसलेला असताना मरतोय.

व्होल्टेजचं म्हणाल तर ±३५ ठीक आहे. हा आयसी ±४० पर्यंत चालवायचा असतो आणि सिग्नल नसताना ±५० ही शेवटची मर्यादा. ±३५ वर ८ ओहमला आयसीत जास्तीत जास्त सुमारे ३१ वॅट उष्णता होते. ४ ओहमचा स्पीकर असता तर तीच ६२ झाली असती, आणि म्हणूनच डेटाशीट ४ ओहमला ७० वॅटचा आकडा ±२७ व्होल्टवर देतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. ट्रान्सफॉर्मर बदलू नका.

एक सांगा, काहीही वाजत नसताना हीटसिंक गरम होतो का?

धागाकर्ता
होतो की. चटका बसत नाही, पण हात ठेवला की चांगलाच जाणवतो. क्लास एबी (सिग्नल नसतानाही थोडा करंट घेणारी रचना) असल्याने एवढं होणारच असं धरून चाललो होतो.

प्रतिसाद ३
एवढं होत नाही. सिग्नल नसताना हा आयसी साधारण ३० मिलिअँप घेतो. ±३५ वर ते दोन वॅट. दणदणीत हीटसिंकला दोन वॅटचा पत्ताही लागायला नको.

तुम्ही जाता जाता लिहिलेला ६.८ किलोओहम मला खटकतोय. २२ किलोओहम आणि ६८० ओहमला गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) येतो ३३ पट, म्हणजे ३० डीबी (डेसिबल). ६.८ ला उरतो ११ पट, २१ डीबीच्या आत. या आयसीला किमान २४ डीबी गेन लागतो. गेन कमी करणं म्हणजे फीडबॅक वाढवणं. वरच्या फ्रिक्वेन्सीला आयसीच्या आत सिग्नलला उशीर होतो, आणि फीडबॅक प्रमाणाबाहेर असला की विरोध करायला आलेला सिग्नल उलट साथ द्यायला लागतो. मग आयसी स्वतःशीच ऑसिलेट करतो, म्हणजे इनपुट नसतानाही आउटपुट सतत वर-खाली होत राहतं. ते कानाच्या कक्षेच्या फार वर असतं, त्यामुळे स्पीकरमधून काही कळत नाही, गाणंही बरं वाजतं. आत मात्र आउटपुटचे दोन्ही मॉसफेट (प्लस आणि मायनस बाजूचे ट्रान्झिस्टर) थोडा थोडा वेळ एकदम चालू राहतात, म्हणून करंट वाढतो आणि आयसी तापतो.

स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसला तरी पडताळता येईल. स्पीकर काढा, इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा, प्लसच्या वायरमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला. मेन्सला सिरीज बल्ब लावूनच चालू करा, म्हणजे आणखी एक आयसी जाणार नाही. बल्ब मंद झाला आणि व्होल्टेज नीट आलं की त्या १० ओहमवरचे डीसी व्होल्ट मोजा. ०.३ च्या आसपास यायला हवेत. आउटपुटवर मीटर एसीला लावून बघण्यात अर्थ नाही, साधा मीटर तितक्या वरचं काही दाखवत नाही.

धागाकर्ता
मोजलं. ६.८ किलोओहम असताना १.७ व्होल्ट, आणि रेझिस्टरजवळ बोट नेलं की आकडा हलतो. २२ किलोओहम परत लावला तर ०.३४ वर स्थिर. म्हणजे नुसता उभा असताना १२ वॅट जाळत होता! पण आता आवाजाचं काय करू? व्हॉल्यूमचा खेळ परत सुरुवातीच्या कोपऱ्यातच अडकलाय.

प्रतिसाद ३
बोटाने आकडा हलला म्हणजे ऑसिलेशनच, शंका नको.

आवाज कमी करायचा तो आयसीच्या आधी. इनपुटला सिरीजमध्ये १० किलोओहम, आणि त्यापुढे, कपलिंग कपॅसिटरच्या (इनपुटला डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरच्या) अलीकडे, ग्राउंडला ६.८ किलोओहम. काढलेला रेझिस्टर तिथेच कामाला येईल. आयसीच्या इनपुटचे २२ किलोओहम धरून सिग्नल जवळपास एक तृतीयांश होतो, म्हणजे पूर्वीइतकाच आवाज. फीडबॅकला १२ किलोओहम लावूनही २५ डीबी मिळतात, पण ते अगदी काठावर, मी तरी लावणार नाही.

प्रतिसाद २
ती हातभर वायरही बघा. मोठे कपॅसिटर तिकडे डब्यात आहेत, पण आयसीजवळ काय आहे? ७ आणि १३, तसंच ८ आणि १५, या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरड हवेत, हवं तर बोर्डच्या खालच्या बाजूने थेट पायांवर सोल्डर करा. शेजारी शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक. प्लस, मायनस, ग्राउंड तिन्ही वायरी एकत्र पिळून न्या. हे झाल्यावर १० ओहमवर पुन्हा मोजा, एकदा स्पीकरची पूर्ण केबल जोडून आणि एकदा काढून. दोन्ही आकडे सारखे आले तरच तो रेझिस्टर काढा, आणि पहिले काही दिवस चांगला स्पीकर लावू नका.