मदत हवी आहे: जलरंग वर्गाचं पहिलं सामूहिक प्रदर्शन, भर पावसाळ्यात (कोल्हापूर)

ओलाकागद
नमस्कार. आमच्या वसाहतीत शनिवार-रविवार जलरंगाचा वर्ग चालतो. एकूण 18 जण आहेत, शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत. ऑगस्टमध्ये दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन भरवायचा विचार आहे. प्रत्येकी दोन, म्हणजे 36 चित्रं. बहुतेक आडवी, 15 × 22 इंच, 300 जीएसएमच्या जाड कागदावर.

बऱ्याच कागदांना लाटा आल्यात, त्या कशा घालवायच्या? काच लावावी की ॲक्रिलिक? एवढ्या चित्रांना भिंत किती लागेल आणि चित्रं किती उंचीवर टांगायची? शिवाय काहींनी कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आणि चंद्रकांत मांडरे यांची चित्रं समोर ठेवून सराव केलाय. ती लावली तर चालेल का? आत्ता मे चालू आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे.

खळकात्री
वेळ आहे ना, मग फ्रेमिंग ऑगस्टवर अजिबात ढकलू नका. कागद मेच्या कोरड्या हवेतच चौकटीत गेला पाहिजे. दमट कागद काचेमागे बंद केला की बुरशी आलीच म्हणून समजा.

लाटांसाठी आधी रंग तपासा. कोपऱ्यातल्या रंगावर ओल्या कापसाच्या काडीचं टोक टेकवून बघा. लगेच रंग उठला, किंवा चित्रात पोस्टर कलरचा जाड थर असेल, तर ते चित्र भिजवू नका, कोरडंच दाबाखाली ठेवा. बाकीची स्वच्छ टीपकागदावर पालथी घाला आणि पाठीवर बारीक फवारा मारा. पाठ सगळीकडे सारखी दमट व्हावी, पाणी चमकता कामा नये. पाच मिनिटं थांबा. वर दुसरा टीपकागद, त्यावर 19 मिमीचं प्लायवूड आणि 10-12 किलो वजन. तासाभराने दोन्ही टीपकागद बदला, रात्री पुन्हा बदला, मग दोन दिवस हात लावू नका. घाईने काढलं की कडा आधी वाळतात, मधला भाग मागे राहतो आणि लाट परत येते. इस्त्री मात्र नको. मेण वापरलं असेल तर ते वितळून पसरतं.

आता खरं महत्त्वाचं. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा की चारही कडा टेपने चिकटवायच्या नाहीत. कागद दमट हवेत वाढतो. कडा जखडल्या तर त्याला सरकायला जागा उरत नाही, म्हणून तो मधून फुगतो. ऑगस्टमध्ये प्रदर्शनात चित्रं फुगलेली दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फक्त वरच्या कडेला, कोपऱ्यांपासून तीनेक इंचांवर, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा आणि चित्र त्यांवर लोंबू द्या. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, तो पुढे निघत नाही.

टाचणी
मापांचं सांगते. माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची) खिडकी 14.5 × 21.5 इंच ठेवा, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच कागद झाकला जाईल. वर आणि बाजूंना अडीच इंच, खाली तीन इंच पट्टी. माउंट झालं 20 × 26.5. अर्ध्या इंचाच्या पट्टीची चौकट धरली (त्यातला पाव इंच माउंटवर चढतो) तर बाहेरून साधारण 20.5 × 27. दोन चौकटींत 9 इंच सोडलेत तर प्रत्येकी बरोबर 3 फूट, म्हणजे 36 चित्रांना 108 फूट भिंत. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड यांची जागा वेगळी. दालनात टेप घेऊन जा आणि मोजा. कमी पडली तर प्रत्येकाचं एकच चित्र लावा. दाटीवाटीत जलरंग मरतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर घ्या. खिळ्याचं गणित सोपं आहे: 58 + चौकटीची अर्धी उंची − ताणलेली तार वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं. तुमच्या चौकटीची अर्धी उंची सव्वादहा. तार तीन इंच खाली आली तर खिळा सव्वापासष्ट इंचांवर. तारेचा झोल प्रत्येक चौकटीत वेगळा असतो, म्हणून एकच माप सगळ्यांना लावू नका. भिंतीला खिळे ठोकू देतात की रुळावरून साखळी सोडायची, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा, कारण आकडे त्यावर ठरतात.

काच की ॲक्रिलिक? या मापाला 2 मिमी काच सुमारे 1.7 किलो भरते, ॲक्रिलिक 0.8 किलो. मुलं उचल-ठेव करणार असतील तर ॲक्रिलिक घ्या. फक्त ते कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

करवीरकर
प्रतिकृतींबद्दल. आपल्याकडे चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजून. आबालाल 1931 मध्ये गेले, त्यांचा हक्क कधीच संपला. बाबूराव पेंटरांचा (मृत्यू 1954) 2014 अखेर संपला. चंद्रकांत मांडरे 2001 मध्ये गेले, म्हणजे 2061 अखेरपर्यंत हक्क वारसांकडे आहे. तो सराव वर्गातच ठेवा. परवानगीशिवाय लावू नका आणि विकू तर मुळीच नका. इंटरनेटवरच्या फोटोवरून केलेल्या चित्रांनाही हीच काळजी घ्या. आबालाल यांच्यावरून केलेल्या चित्राच्या नावाच्या पट्टीवर 'आबालाल रहिमान यांच्या चित्रावरून' असं ठळक लिहा. कोल्हापूरचा प्रेक्षक ते चित्र ओळखतो, त्याच्यापासून लपवायचं कशाला?

ओलाकागद
सगळ्यांचे मनापासून आभार. मांडरे यांच्यावरून केलेली तीन चित्रं बाजूला काढतो. एक शंका: दालनाची एखादी भिंत ओलसर निघाली तर?

खळकात्री
आदल्या दिवशी तळहात लावून बघा. गार आणि चिकट लागली, किंवा पोपडे दिसले, तर त्या भिंतीवर चित्र लावूच नका, तिथे वर्गाची माहिती देणारा फलक ठेवा. बाकी प्रत्येक चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे 5-6 मिमी जाड तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. चित्रं घरी गेल्यावरही ते काढू नका. पाठीवर बुरशीचा ठिपका दिसलाच तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, त्याने ती पसरते. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका.