तीन लाखांत मजेची दुसरी गाडी: हलकी पेट्रोल की वजनदार स्टीअरिंग?

(ही गाडीवेड्यांची चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वजनकाटा

घरात एक मोठी गाडी आहे. दुसरी हवी आहे ती पुण्यात रोज एकट्याने ऑफिसला जायला, आणि रविवारी पहाटे ताम्हिणीत किंवा पसरणी घाटात चालवताना मजा यावी म्हणून. गाडी नावावर करणं, विमा, टायर सगळं धरून तीन लाख. अशा प्रश्नाला हमखास उत्तर मिळतं की जुनी पोलो जीटी टीएसआय शोधा. या बजेटमध्ये ती घेऊ नये असं मी ठामपणे म्हणतो. घ्यावी ती एक टनाखालची, टर्बो नसलेली, मॅन्युअल पेट्रोल गाडी. नावच सांगायचं तर होंडा ब्रिओ, नाहीतर ऑगस्ट २०११ नंतरची दुसऱ्या पिढीची स्विफ्ट.

ब्रिओचं १.२ आय-व्हीटेक इंजिन ८८ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आणि गाडी साधारण ९३० किलोची. खाली ते शांत असतं, चार हजार आरपीएमच्या पुढे त्याचा आवाज बदलतो आणि गाडी हलकी होऊन पळते. दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेघेपर्यंत नेलं तरी वेग शंभराच्या आत राहतो. म्हणजे घाटात इंजिन पूर्ण वापरता येतं. ताकदवान गाडीत तेवढ्याच रस्त्यावर अर्धं इंजिन झोपलेलं असतं.

जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या दोन क्लचचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे. सिंहगड रोडसारख्या रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तो क्लच सतत अर्धवट धरून-सोडून तापतो. त्याचं गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या पुढे, म्हणजे बजेटचा तिसरा हिस्सा एका भागावर. आणि दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ते किती दिवस टिकणार हे कुणालाच कळत नाही.

रांजणगाव

डीएसजीबद्दल सहमत. पण हलकी म्हणजे मजेची, हे पटत नाही. ब्रिओचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, पार्किंगला सोपं, पण वळणात पुढची चाकं काय करताहेत ते हाताला काही सांगत नाही. मजा हाताला कळते, आकड्याला नाही. फियाट पुंटो घ्या. हायड्रॉलिक स्टीअरिंग, खराब रस्ता गिळणारं सस्पेन्शन, दार लावलं की येणारा भरीव आवाज. खंबाटकीच्या वळणात खड्डा आला तरी गाडी रेघ सोडत नाही. हलक्या गाड्या तिथे बाजूला उडी मारतात.

सुटे भाग मिळत नाहीत ही ओरड अर्धीच खरी आहे. पुंटोचं १.३ मल्टिजेट डिझेल हेच इंजिन मारुतीने डीडीआयएस म्हणून आणि टाटाने क्वाड्राजेट म्हणून वापरलं. त्यामुळे इंजिनाचं काम जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो.

दहा-बारा पाना

इंजिनाचं खरं आहे. पण पुंटो अडते ती इंजिनावर नाही, तर हेडलॅम्प, बंपर, दाराची काच, कुलपाचं युनिट अशा ठिकाणी. रोजच्या गाडीला रिक्षाचा धक्का लागणारच. स्विफ्टचा हेडलॅम्प त्याच संध्याकाळी बसतो, पुंटोचा शोधत बसावं लागतं. गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली तर ती रोजची गाडी कशी? पुंटो घ्यायचीच असेल तर फियाटच्याच लिनिया सेडानचे कोणते भाग तिला चालतात याची माहिती असलेलं गॅरेज आधी शोधा, गाडी नंतर.

शिवाय १.४ पेट्रोल पुंटो ९० पीएसची असली तरी साडेअकराशे किलोच्या आसपास भरते. चढावर दुसऱ्या गिअरशिवाय हलत नाही.

मल्टिजेटला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर हीच चेन सैल होते. इंजिन थंड असताना स्टार्ट करा आणि पहिली काही सेकंद बॉनेटजवळ कान द्या. पातळ पत्र्याचा डबा हलवल्यासारखा खळखळाट आला तर चेनच्या कामाचे पैसे धरूनच भाव बोला.

दोनशे पंधरा

तुम्ही दोघं एक गाडी विसरताय. २०१५ नंतरची फोर्ड फिगो १.५ डिझेल. १०० पीएस, २१५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, आणि वजन हजार-साडेदहाशे किलोच्या घरात. ब्रिओचा टॉर्क १०९. म्हणजे जवळजवळ दुप्पट, तोही १७५० आरपीएमपासून. घाटात एसटीला ओलांडायला गिअर खाली घ्यावा लागत नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळेच तर ती या बजेटमध्ये येते.

वजनकाटा

फिगोची ओढ मान्य. माझा आक्षेप रोजच्या वापरावर आहे. सात-आठ किलोमीटरचं ऑफिस, इंजिन तापेपर्यंत पोहोचलो. डिझेलला हे मानवत नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये काजळी धरते, मग पिकअप मरतो आणि मागून काळा धूर.

दोनशे पंधरा

लहान फेऱ्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो असं सरसकट सांगितलं जातं, पण बीएस-४ (जुन्या प्रदूषण नियमांच्या) फिगोला डीपीएफ नाहीच. काजळी धरते हे खरं, पण आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजारांवर चालवली तर ती आटोक्यात राहते. रविवारचा घाट तुम्ही करणारच आहात.

खरी तपासायची गोष्ट टायमिंग बेल्ट. या इंजिनाला चेन नाही. एक लाखाच्या पुढे रनिंग आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग इंजिन खोलावं लागतं.

पांढरी पाटी

इतक्या वादात पडायचंच कशाला? दुसरी गाडीच आहे ना, मारुती अल्टो के१० घ्या. ६८ पीएस, साडेसातशे किलोच्या आसपास, सिग्नलवरून सुटताना मोठमोठ्यांना मागे टाकते. ९९८ सीसी असल्याने जून २०२२ च्या दराने थर्ड पार्टी विम्याचा हप्ता २,०९४ रुपये. १००० ते १५०० सीसीला तोच ३,४१६, वर जीएसटी.

वजनकाटा

सरळ रस्त्यावर पटतं. पण के१० चे टायर १५५ रुंदीचे, १३ इंची, आणि एप्रिल २०१९ मध्ये सक्ती होईपर्यंत तिला एबीएस नव्हतंच. ओल्या घाटात उतारावर ब्रेक दाबला आणि चाकं लॉक झाली की स्टीअरिंग फिरवून उपयोग नसतो. वर्षाला वाचलेले दीड हजाराच्या आसपास रुपये त्यासमोर काहीच नाहीत.

हाच नियम मी ब्रिओ आणि स्विफ्टलाही लावतो. एबीएस आणि दोन एअरबॅग असलेलं व्हेरिएंटच घ्यावं, मग त्यासाठी गाडी आणखी दोन वर्षं जुनी घ्यावी लागली तरी चालेल. २०१४ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्विफ्ट आपटली तेव्हा शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी पोलोला एअरबॅगशिवाय शून्य आणि दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले.

रांजणगाव

याबाबतीत शंभर टक्के तुमच्यासोबत. पण मग ब्रिओच्या पातळ पत्र्याचाही हिशेब करा. आणि मागचं सगळं दार म्हणजे एकच काच. गर्दीत मागून कुणी टेकला तर बंपरच्या वर पहिली तीच. डिकी १७५ लिटर, विमानतळावर दोन बॅगा घेऊन जायचं तर मागची सीट पाडावी लागते.

वजनकाटा

डिकीसाठी घरात मोठी गाडी आहेच. काचेचा मुद्दा रास्त आहे, म्हणून विम्यात ती काच धरली आहे का हे विचारून घ्यावं.

आरटीओ खिडकी

मॉडेलवरून भांडण चालू द्या, पण वर्ष बघून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०१० ची पहिल्या पिढीची स्विफ्ट स्वस्त दिसते ती याच कारणाने.

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या इकडे आणून विकतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी घातली गेली होती. स्वस्त आहे म्हणून धावू नका. फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत), महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, सगळं धरून फरक उरतोच असं नाही.

आणि पैसे पूर्ण देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. कर्ज फिटलं असेल तरी बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याने भरून द्यावीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन एजंटाकडे ठेवून देणं म्हणजे ट्रान्स्फर नव्हे. विम्याचं नावही १४ दिवसांत बदलायला हवं, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही.

दहा-बारा पाना

आता पाहणीचं सांगतो, कोणतीही गाडी घ्या. जायच्या आधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन स्टार्ट करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली आणि कूलंटची पातळी कमी असेल, तर हेड गॅस्केटचा संशय.

क्लचसाठी मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. गुरगुरत चालू राहिलं तर क्लच सरकतोय. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी पुरात बुडालेली असेल तर आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते. इंटिरिअर धुणारे तो भाग विसरतात. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसो, तो रबर कडक झालेला आहे, ओल्यात धरणार नाही. चार टायरचे पैसे भावातून कमी करायला सांगा.

ब्रिओला एक खास काम असतं. ४० हजार किलोमीटरच्या आसपास टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) तपासावे लागतात, तेही इंजिन थंड असताना. बहुतेक जण करतच नाहीत. आयडलला शिलाई मशीनसारखी टिकटिक येत असेल तर ते काम राहिलंय, आणि ते महाग नाही. आणि पेट्रोल घेणाऱ्याने ई-२० चंही (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बघावं. दुसरी गाडी उभी जास्त राहते, इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या गाडीचे रबर होज कडक होतात. फ्युएल लाइनवर बारीक चिरा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर होज आधी बदला. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी तळाशी ठेवू नका.

दोनशे पंधरा

टॅपेटचा मुद्दा उपयोगी. तरी माझं मत फिगोच. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेलचा वाचलेला पैसा बेल्टचा खर्च भरून काढतो.

वजनकाटा

बारा हजारांवर असाल तर मीही फिगोकडे वळेन, तेवढं मान्य. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी ब्रिओच.

पांढरी पाटी

एक विचारायचं होतं. २०१५ ची ब्रिओ, एबीएसवाली, ६० हजार रनिंग, पण पासिंग एमएच-०८, रत्नागिरी. घ्यावी का?

दहा-बारा पाना

किनाऱ्यावर राहिलेली असेल तर इंजिनाआधी पत्रा बघा. चारही दारांच्या खालच्या कडेचं रबर बीडिंग बोटाने थोडं उचला, पाणी तिथेच साचतं. डिकीतलं मॅट काढून स्टेपनीचा खड्डा पाहा. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअबच्या माथ्याभोवतीचे जोड पाहा, आणि रॅम्पवर चढवून साइड मेंबरवर (गाडीखालच्या सांगाड्याच्या लांब पट्ट्यांवर) स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. खणखणीत आवाज आला तर वरवरचा गंज आहे, घासून अंडरकोटिंग करता येतो. आवाज बद्द आला, किंवा नुकतंच काळं कोटिंग मारून जोड झाकलेले दिसले, तर तिथूनच परत फिरा.